मुंगी चढलेला डबा

आमच्या गल्लीत कुण्या बाईला काही साठवायचं झालं की ती आधी आमच्या अंगणात यायची. बाबा आर्णीला एका कृषी केंद्रात कामाला होते. कापसावर अळी पडायची ती वर्षं. एक औषध मारलं की अळी आठवडाभर मान टाकायची आणि पुन्हा उठायची, मग दुसरं, त्याहून उग्र. लहान शेतकऱ्याला अख्खा डबा परवडायचा नाही, म्हणून दुकानात मोठ्या डब्यातून सुटं औषध मोजून द्यायचे. रिकामा झालेला डबा बाबांचा. चकचकीत पत्रा, घट्ट झाकण, धरायला कडी. बाबा सायकलच्या मागे दोन-चार डबे बांधून आणायचे आणि त्यांच्या खडखडाटानं ते गल्लीच्या तोंडाशी आलेत हे आम्हाला घरात कळायचं. कापसाचं पीक कसंही येवो, डब्यांचं पीक आमच्या घरी दरसाल भरघोस यायचं. "वैनी, एखांदा डब्बा असन तं ठेवजा," असं म्हणत बायका दारात उभ्या राहायच्या आणि आई कुणाला नाही म्हणायची नाही. गरिबाघरी देण्यासारखं फार नसतं. आमच्याकडे डबे होते, त्यामुळे आमचा मान होता.

डबा धुण्याची आईची एक रीत होती आणि गावात सगळ्यांची तीच होती. आधी राखेनं आतून-बाहेरून घासायचा. मग चिंचेचं पाणी भरून ठेवायचा. मग कडुनिंबाचा पाला टाकून उकळतं पाणी, आणि त्यानंतर उन्हात पालथा. वास गेला की खरी परीक्षा: गुळाचा खडा आत टाकून डबा भिंतीच्या कडेला आडवा ठेवायचा. मुंग्या आल्या नाहीत तर पुन्हा राख, पुन्हा चिंच. मुंग्या आल्या, गूळ खाऊन धडधाकट परत गेल्या, की आई ओरडून सांगायची, "मुंगी चढली!" म्हणजे डबा खायच्या जिनसांना मोकळा झाला. ही परीक्षा कुणी काढली, कुणालाच ठाऊक नव्हतं. माणसाला फसवता येतं, मुंगीला नाही, एवढंच सगळे म्हणायचे. आम्ही पोरं शाळेतून आलो की पाटी ठेवायच्या आधी डब्यात डोकावायचो आणि मुंगीची रांग दिसली की पहिली बातमी द्यायला धावायचो.

उन्हाळ्यात आमच्या घरी गल्लीचं लोणचं पडायचं. आंबे ज्याचे त्याचे, मीठ-तिखट ज्याचं त्याचं, हात मात्र आईचा. आंबे फोडायचा मोठा अडकित्ता गल्लीत एकच होता. त्याचा कचाकच आवाज सकाळपासून सुरू व्हायचा आणि कोयीचे तुकडे अंगणभर उडायचे. मोहरीची डाळ पाखडताना सगळ्यांना शिंका यायच्या. फल्लीचं, म्हणजे शेंगदाण्याचं तेल कढवून गार करायला ठेवलेलं असायचं, त्याच्या वासानं दुपारी भूक नसताना भूक लागायची. आमचं स्वतःचं लोणचं आजीच्या वेळच्या एका चिनी मातीच्या बरणीत जायचं. ती बरणी एकच, आणि तीही कडेला टवका उडालेली. बाकी सगळ्या गल्लीचं लोणचं डब्यात. आई डबे भरायची, वर बोटभर तेल ओतायची, तोंडाला धुतलेलं फडकं बांधून झाकण दाबायची आणि एकेक डबा एकेकीच्या हाती द्यायची. मला वाटायचं, आई म्हणजे गावाची अन्नपूर्णा. आता ते डबे वाटणं आठवलं की मी चहा अर्धा ठेवून उठते.

शेजारी दुर्गाकाकू राहायची. आमची तिची भिंत एकच होती, त्यामुळे तिची भाकर थापल्याचा आवाज आमच्या चुलीपाशी यायचा आणि आईचं खाकरणं तिच्याकडे जायचं. दोघी भिंतीच्या दोन बाजूंना बसून बोलायच्या, मधे चेहरे नसायचे. तिची सिंधू माझ्या वर्गात, दहावीला. अभ्यासात माझ्यापेक्षा बरी आणि खाण्यात फार खोडकर. तिला लोणच्याच्या फोडी नको असायच्या, खार हवा असायचा. भाकरीचा तुकडा मोडून मसाल्याच्या तेलात बुडवायचा, बोटं चाटायची आणि दुर्गाकाकूची बोलणी खायची. दुर्गाकाकूचा नेम असा की जुनं लोणचं संपवल्याशिवाय नवं फोडायचं नाही, आणि नवा डबा उघडायचा तो पोळ्याला. म्हणजे उन्हाळ्यात भरलेला डबा पावसाळाभर तिच्या फळीवर बंद.

त्या पोळ्याला तिनं डबा फोडला. सणाच्या पुरणावर, वड्यांवर सगळ्यांचीच पोटं थोडीफार बिघडतात, तशी तिच्या घरीही बिघडली. कुणी मनावर घेतलं नाही. दोन दिवसांनी सकाळी भाजी नव्हती म्हणून सिंधूनं नुसत्या खाराशी भाकरी खाल्ली आणि शाळेत आली. दुसऱ्या तासाला तिनं माझा हात धरला. तिचा हात ओला होता. "मंदे, मले फळा दिसून नाई राह्यला," ती म्हणाली. मी तिच्या डोळ्यांकडे पाहिलं तर बुबुळं टाचणीच्या टोकाएवढी झाली होती. तिच्या तोंडातून लाळ गळायला लागली, मग उलटी, मग ती बाकावरून खाली घसरली. गुरुजींनी तिला गाडीवर आपल्या आणि शिपायाच्या मधे बसवून आर्णीला नेलं आणि आर्णीहून जीपनं यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात.

त्या वर्षांत आमच्या भागात कुणी तोंडाला फेस आणून दवाखान्यात गेलं की कारण विचारायची पद्धत उरली नव्हती. शब्द एकच होता, "पेली", म्हणजे जीव द्यायला औषध प्याली. सिंधू पेली, हे दुपारपर्यंत गावभर झालं. काहून पेली, याची उत्तरंही संध्याकाळपर्यंत तयार झाली. दहावीची पोरगी, म्हणजे कुणीतरी पोरगा असणार. मला दोघी-तिघींनी बाजूला घेऊन विचारलं, "तुले तं माईत असन व, तूच तिची मैत्रीण." मी नाही म्हटलं तर त्यांना वाटलं मी लपवते आहे. लोक निर्दय नव्हते, थकलेले होते. इतक्या घरांत तेच झालं होतं की दुसरं काही असू शकतं हे त्यांच्या डोक्यात येत नव्हतं.

दुर्गाकाकू आणि काका दवाखान्यात, म्हणून तिच्या शेळ्यांना चारा घालायला आणि घर झाडायला दुसऱ्या दिवशी आई गेली. मी सोबत होते. सैपाकघर झाडताना आईनं फळीवरचा डबा उचलला आणि तिथंच थांबली. डब्याच्या बुडाच्या सांध्यातून तेल पाझरलं होतं, फळीवर त्याचं गोल कडं उमटलं होतं. त्या कड्यात मुंग्या होत्या. सगळ्या मेलेल्या. आई खाली बसली.  ती म्हणाली, "हा डब्बा म्या देल्ला."  डबा तिनं जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधला आणि आम्ही यवतमाळची एसटी धरली. गाडीभर ती डबा मांडीवर धरून बसली होती, आणि एका बाईनं कौतुकानं विचारलं, "पोरीच्या घरी नेता काय व?"

दवाखान्याच्या व्हरांड्यात काका भिंतीला टेकून उभे होते. एक हवालदार दुर्गाकाकूला विचारत होता, घरात भांडण झालं का, पोरगी नापास झाली का, औषध कुठं ठेवता. काकू नुसती मान हलवत होती. आई सरळ त्यांच्यामध्ये गेली. "साहेब, पोरीनं काई पेलं नाई. माह्या डब्यानं केलं," ती म्हणाली आणि फडकं सोडलं. हवालदाराला आधी कळेना. मग तरुण डॉक्टर आला, रात्रभर जागलेला, दाढी वाढलेली. त्यानं डब्याचा सांधा नाकाशी नेला, झाकण उघडून पाहिलं आणि डबा लांब धरला. तो रागावला नाही, त्याचंच मला जास्त भय वाटलं. तो म्हणाला, हे पाण्यानं निघत नाही बाई, कितीही धुवा. सांध्यात, पत्र्याच्या घडीत बसून राहतं. पण तेल घातलं की तेलात उतरतं. आंबटात तर टिकूनही राहतं. कोरड्या गुळानं ते कळणार नाही.

दुर्गाकाकूनं सगळं ऐकलं. मग तिनं आईकडे पाहिलं आणि इतकंच विचारलं, "मुंगी चढली होती ना व वैनी?"

"चढली होती," आई म्हणाली.

त्यानंतर कितीतरी वर्षं त्या दोघींमध्ये दुसरं वाक्य झालं नाही.

घरी आल्यावर आईनं बाबांना विचारलं, तुमाले माईत होतं काय? बाबा पाय धूत होते. पाय धुऊन झाले तरी पाणी ओतत राहिले. म्हणाले, "डब्ब्यावर लिवलं रायते. भोकं पाडून पुरा म्हन्ते. पन इतला चांगला डब्बा फोडवते काय कोनाच्यानं?"  आईला लिहिता-वाचता येत नव्हतं, बाबांना येत होतं, आणि मला तर बाबांहून चांगलं येत होतं. पण लेबलं राखेनं आधी खरवडून काढायची, हा तर धुण्यातला पहिलाच हात असायचा. मला त्या दिवशी बाबांची फार कीव आली. ते वाईट नव्हते. चांगली वस्तू टाकून द्यायची नाही, हे आमच्याकडे धर्मासारखं होतं.

सिंधू वाचली. बऱ्याच दिवसांनी घरी आली तेव्हा तिचं मनगट माझ्या दोन बोटांत मावत होतं. आई दुसऱ्या दिवसापासून डबे परत मागायला निघाली. मला वाटलं होतं, सिंधूचं ऐकून लोक स्वतःच डबे फेकून देतील. कुठलं काय! अर्ध्या गावाला वाटत होतं, सिंधू पेलीच होती आणि आई शेजारधर्म म्हणून पोरीची अब्रू झाकते आहे. उरलेले म्हणायचे, आमच्या डब्यानं आम्हाला काय झालं? एक म्हातारी तर डबा पोटाशी धरून बसली. "देल्लेलं वापस मांगते काय व? आन मी तूर कायच्यात ठेवू, तुह्या पदरात?" आई रिकाम्या हातानं परत आली, पण चिडली नाही. संध्याकाळी भाकरी थापता थापता म्हणाली, "बराबर हाये तिचं. घेतो म्हनलं तं आधी दुसरं द्या लागन."

तिथून जे सुरू झालं ते काही वर्षं पुरलं. स्टीलचे डबे गल्लीला परवडणारे नव्हते. कापूस घरात येऊन पडायचा आणि बाजारात जायला लाजायचा, असे ते दिवस. आईनं कुंभाराकडून गाडगी आणली. तूर, मीठ-मिरची, ज्वारीचं पीठ त्यात छान राहिलं. लोणचं राहिना. मडक्याला बाहेरून मिठाची पांढरी बुरशी फुटायची, तेल झिरपायचं आणि एका सकाळी मडकं हातात धरताच कड सुटली. गावच्या कुंभारानं हात झटकले, म्हणाला, "वैनी, मडकं हाये हे, काच नोहे." मग काचेच्या बाटल्या. तेलाला त्या बऱ्या, पण फोड तोंडातून जाईना, आणि उंदरानं फळीवरून दोन ढकलल्या. बाबांनी दुकानातून प्लास्टिकचा नवा कॅन आणला, मोठ्या हौसेनं. त्यांना काहीतरी भरून काढायचं होतं. आईनं कॅन हुंगला आणि अंगणात ठेवला. तो ना कुणी वापरला, ना कुणी टाकला. शेतात पाणी न्यायला लोक औषधाच्या बाटल्याच वापरायचे. त्याला उपाय आईला पांढरकवड्याच्या बाजारात सापडला. एक कोलाम आदिवासी बाई वाळक्या भोपळ्याचा तुंबा घेऊन बसली होती, त्यातून पाणी पीत होती. आईनं तिच्याकडून बिया मागून आणल्या आणि आमच्या कुंपणावर वेल चढवला. पोरं हसली, "मंदाची माय जंगलात गेली." पुढच्या साली त्याच पोरांच्या बापांच्या खांद्यावर तुंबे लटकले, पाणी थंड राहायचं ना.

लोणच्याचा प्रश्न मात्र सुटेना. शेवटी तो यवतमाळात सुटला. सिंधूच्या वेळी दवाखान्याच्या वाऱ्या झाल्या, त्यात आईची जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या एका बाईशी ओळख झाली होती. ती नोकरदारांच्या कॉलन्यांतून फिरायची. त्या घरांत आता फ्रिज आले होते, लोणचं पाकिटातलं यायचं, आणि सासूच्या काळच्या चिनी मातीच्या बरण्या माळ्यावर धूळ खात होत्या. आईनं तिला म्हटलं, "कपड्यासंगं बरन्या मांग. मी तुले तुरीची दाय देतो." मग महिन्यातून एकदा मी आणि आई एसटीनं जायचो आणि गोणपाटात गुंडाळलेल्या बरण्या मांडीवर घेऊन यायचो. कंडक्टर म्हणायचा, "सासरी चालली काय बरनी?" एक बरणी गेली की एक डबा आला. हा हिशेब आईनं सोडला नाही. आलेल्या डब्यांना बाबा खिळ्यानं भोकं पाडायचे. हळूहळू दुकानातल्याही प्रत्येक डब्याला पाडू लागले, मालक कुरकुरला तरी. डबे आम्ही गावाबाहेर खोल खड्ड्यात पुरले. पुरलं म्हणजे संपलं असं तेव्हा वाटायचं. आता तसं वाटत नाही. पण आता मी काय खणून काढणार?

या सगळ्यात आई थकत गेली. काम तिला नवं नव्हतं. भिंतीपलीकडून बोलणं बंद झालं होतं, त्यानं ती थकली. दुर्गाकाकू आईबद्दल कधी वाईट बोलली नाही. कुणी बोललंच तर म्हणायची, "तिनं चारचौघांत सांगतलं तरी. दुसरी असती तं तोंड लपोलं असतं." पण आमच्या घरचं काही तिनं तोंडात घातलं नाही. संक्रांतीला तिळगूळ घ्यायची आणि पदराला बांधायची. लोणच्याच्या दिवसांत तिच्या वाट्याची बरणी आई भरून ठेवायची, मी नेऊन द्यायची आणि ती म्हणायची, "राहू दे व बाई, आमच्या घरी कोनी खात नाई." सिंधू आत बसलेली असायची. ती माझ्याकडे पाहायची नाही. तिला पाहायला येणारे घर दिसायच्या आधीच परत फिरायचे, कारण बसस्टँडवरच त्यांना कुणीतरी तो शब्द सांगायचं. माझं लग्न झालं, मी पहिलटकरीण होऊन माहेरी आले तरी सिंधू तिथंच, शिवणयंत्रावर.

मी त्या बाळंतपणाला आले होते तेव्हाच बाभुळगावकडचे लोक तिला पाहायला आले. पोहे झाले, चहा झाला आणि मुलाची आई सरळ बोलली, "लोकं म्हन्तेत पोरगी पेलती. खरं काय असन ते सांगा." इकडे आमच्याकडे मी आणि आई भिंतीला कान लावून बसलो होतो. तेवढ्यात भिंतीवर थाप पडली. इतक्या वर्षांनी. "वैनी, ये व इकडे जराशी. सांग या लोकायले."

आई ओल्या हातानंच गेली. तिनं तेच सांगितलं जे हवालदाराला सांगितलं होतं, त्याच शब्दांत.  मुलाची आई म्हणाली, "आमच्या घरी बी असेच डब्बे हायेत." लग्न त्या बैठकीतच ठरलं.

लग्नाच्या आधल्या आठवड्यात दुर्गाकाकू आमच्या अंगणात आली. काखेत स्वतःची बरणी, घासून-पुसून उन्हात वाळवलेली. आमच्याकडे पोरीच्या शिदोरीत माहेरचं लोणचं जातंच. ती बसली नाही. "पोरीले लोनचं द्या लागते संगं," म्हणाली, "अन तिले तुह्याच हातचं पाह्यजे म्हन्ते." आईनं मोठी बरणी पुढं ओढली आणि फडकं सोडलं. मी पळी घेतली. काकूनं माझा हात धरला. "थांब."

तिनं बोट बुडवून खार घेतला आणि स्वतःच्या जिभेवर ठेवला. पुन्हा घेतला. मग आईनंही बोट बुडवलं आणि खाल्लं. मग दोघी ओसरीवर बसल्या, बाजूबाजूला, आणि वाट पाहू लागल्या. मला क्षणभर राग आला. इतकी वर्षं झाली, इतक्या बरण्या झाल्या, आता तरी! पण आईला राग आला नव्हता. ती शांत बसली होती, जसं कुणी आपल्या पाळीसाठी बसतं. उन्हं सरकली. शेळी ओरडली, कुणी उठलं नाही. माझं बाळ रडलं, मी त्याला घेतलं, परत आले, तरी त्या तशाच. एकदा काकूनं आईचा हात उचलून तळवा पाहिला, ओला आहे का म्हणून. मग आपला पाहिला. मग दोन्ही हात तिनं आपल्या मांडीवर तसेच राहू दिले.

बऱ्याच वेळानं तिनं नाक ओढलं आणि पदरानं तोंड पुसलं. "भर व मंदे," ती म्हणाली. "बरनीच्या गयापर्यंत भर. पोरीले खार लय लागते."